बालीचे देव आणि बालीचे पाहुणे

गेल्या श्रावणात आमच्या परिचयाच्या एका देवस्थानाच्या महाजनांकडून एक कागद आमच्या मेजावर आला. समुद्रकाठच्या एका हॉटेलाने देवस्थान समितीस विनंती केली होती, की दर सोमवारी रात्री साडेआठ वाजता निघणारी पालखी हिवाळ्याच्या चार महिन्यांपुरती साडेसहा वाजता काढावी. तसे झाल्यास हॉटेलात उतरलेल्या परदेशी पाहुण्यांस तो सोहळा पाहून भोजनाच्या वेळेस परत जाता येईल, आणि या सोयीपोटी हॉटेल दर सोमवारी देवस्थानास ठरावीक देणगी देईल. समितीतील वृद्ध सभासद हे वाचून हसले असे कळते. खजिनदार मात्र हसले नाहीत, कारण सभामंडपाच्या छपराचे काम पैशाअभावी दोन पावसाळे अडून राहिले आहे. पालखीची वेळ बदलण्याचा अधिकार कोणास आहे, एवढाच प्रश्न आम्हांस विचारण्यात आला होता. पोर्तुगीज अमदानीतील १९३३ सालची देवस्थान नियमावली आणि देवस्थानाची स्वतःची घटना, जिला आमच्याकडे अजून कोंप्रोमिस म्हणतात, ही दोन्ही उघडून बसले म्हणजे कायद्याचे उत्तर अर्ध्या पानात लिहून होते. पण ते अर्धे पान लिहिताना आम्हांस कपाटात बरीच वर्षे पडून असलेल्या एका ग्रंथाची आठवण झाली, आणि तो पुन्हा वाचल्यावाचून सही करू नये असे वाटले.

तो ग्रंथ म्हणजे मिशेल पिकार या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने बाली बेटावर लिहिलेला अभ्यास होय. तो फ्रेंच भाषेत १९९२ साली व इंग्रजीत १९९६ साली प्रसिद्ध झाला. ‘सांस्कृतिक पर्यटन आणि पर्यटनी संस्कृती’ असा काहीसा त्याच्या नावाचा अर्थ करता येईल. शब्दांची ही अदलाबदल केवळ कोटी नव्हे. साऱ्या ग्रंथाचा सिद्धांत तीत सामावलेला आहे. प्रवासी धंद्यावरील लेखन बहुधा दोन जातींचे आढळते. एकात आलेल्या पाहुण्यांची मोजदाद आणि मिळालेल्या परकीय चलनाचे कौतुक असते, दुसऱ्यात गतकालाविषयी विलाप असतो. पिकार या दोहोंपासून सारखेच दूर राहतात. पर्यटन हा बाहेरून येऊन संस्कृतीवर आदळणारा तोफेचा गोळा आहे आणि संस्कृती ही त्याखाली सापडलेली भिंत आहे, हे चित्रच मुळात खोटे, असे त्यांचे म्हणणे आहे. बालीत पर्यटन बाहेर उरलेलेच नाही. ‘आमची संस्कृती’ नावाची एक वस्तू आपल्यापाशी आहे, ती दाखवता येते, जपता येते, विकता येते आणि तिच्या नाशाची धास्तीही बाळगता येते, ही जाणीवच बालीच्या लोकांस पाहुण्यांच्या नजरेतून झाली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हा विचार प्रथमदर्शनी कडू लागतो. तथापि तो पुराव्यानिशी मांडलेला आहे, आणि त्या पुराव्याचा काही भाग आमच्या वाचकांपुढे ठेवणे अगत्याचे आहे, कारण जावाच्या पूर्वेस असलेले हे लहानसे बेट आपल्या देशाबाहेरील हिंदू देवळांचे बहुधा सर्वांत दाट माहेरघर होय.

या कथेचा आरंभ रक्तात झाला आहे. १९०६ साली दक्षिण बालीतील बादुंग व १९०८ साली क्लुंगकुंग ही राज्ये डचांनी जिंकली. तेथील राजे, राण्या, मुले व पुरोहित पांढरी वस्त्रे नेसून, हाती क्रिस नावाचे खंजीर घेऊन बंदुकांच्या तोंडी चालत गेले. या सामुदायिक देहत्यागास तेथे पुपुतान म्हणतात. युरोपातील वृत्तपत्रांत त्याचा बोभाटा झाला आणि डच सरकारची मान खाली गेली. नियतीचा विनोद असा, की ज्या १९०८ साली क्लुंगकुंग पडले त्याच साली बटाव्हिया येथे सरकारी प्रवासी कचेरी उघडली. सहा वर्षांनी, १९१४ साली, तिच्या जाहिरातींत बालीचे नाव दिसू लागले. १९२४ पासून डच जहाज कंपनीच्या आगबोटी दर आठवड्यास उत्तर किनाऱ्यावरील बुलेलेंग बंदरात येऊ लागल्या. या बोटींचा मूळ धंदा डुकरे व सुके खोबरे वाहण्याचा होता, म्हणून त्यांस ‘बाबी एक्स्प्रेस’ म्हणजे डुकरांची गाडी असे टोपणनाव पडले होते. नंदनवनाचे पहिले यात्रेकरू अशा सोबतीने तेथे पोचले! त्याच कंपनीने त्या दशकाच्या अखेरीस देनपासार येथे बाली हॉटेल बांधले, आणि तेही १९०६ च्या पुपुतानाच्या परिसरातच.

जिंकलेले बेट आता जपावयाचे ठरले. शाळांतील मुलांनी बालीचाच वेष करावा, बालीचीच भाषा व नृत्ये शिकावी, असा आग्रह डच अधिकारी धरू लागले. या धोरणास त्यांनी ‘बालीकरण’ असे नाव दिले. बालीच्या लोकांस बाली बनविण्याचा हा उद्योग! वाल्टर श्पीस हा जर्मन चित्रकार १९२७ साली तेथे राहावयास गेला. सांघ्यांग नावाच्या अंगात येण्याच्या विधीत पुरुषांचा एक मंडलाकार समूह ‘चाक चाक’ असा घोष करतो. त्या घोषास रामायणकथेची जोड देऊन १९३० च्या सुमारास जे प्रेक्षणीय नृत्य तयार झाले ते केचाक होय, आणि त्याच्या घडणीत श्पीसचा हात होता. आज उलुवातूच्या कड्यावर सूर्यास्ताच्या वेळी हजारो लोक तिकीट काढून ते पाहतात व अतिप्राचीन म्हणून त्याचे वर्णन करतात. १९३१ साली पॅरिसच्या वसाहती प्रदर्शनात पेलियातान गावचे कलावंत नाचले, तेव्हा आंतोनँ आर्तो हा फ्रेंच नाट्यविचारक त्यांस पाहून भारावून गेला. अशा रीतीने पाहणारे व पाहिले जाणारे यांची जोडी दुसऱ्या महायुद्धाआधीच जमून गेली होती.

स्वातंत्र्यानंतरचा मधला काळ आम्ही भरभर ओलांडतो, जरी त्यात घडलेले लहान नव्हते. १९६३ साली बेसाकी या बालीच्या मातृमंदिरात एकादश रुद्राचा महायज्ञ चालू असतानाच आगुंग पर्वताचा स्फोट झाला व हजाराहून अधिक माणसे दगावली. १९६५-६६ च्या राजकीय कत्तलीत या एका बेटावर सुमारे ऐंशी हजार माणसे मारली गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आणि त्याच १९६६ साली सानुरच्या वाळूवर, जपानने दिलेल्या युद्धभरपाईच्या पैशातून उभारलेले दहा मजल्यांचे बाली बीच हॉटेल पाहुण्यांसाठी उघडले. त्या इमारतीचा डोळ्यांस इतका जाच झाला, की पुढे नारळाच्या झाडाहून, म्हणजे पंधरा मीटरांहून, उंच बांधू नये असा नियम झाला. १९६९ साली ङुराह राय विमानतळ आंतरराष्ट्रीय विमानांस खुला झाला. तेव्हा वर्षाकाठी येणारे परदेशी पाहुणे तीस हजारांच्या आत होते. १९७१ साली एका फ्रेंच सल्लागार संस्थेने जागतिक बँकेच्या पाठबळाने आराखडा दिला. त्याचे मर्म हे, की पाहुण्यांस दक्षिणेकडील नुसा दुआच्या ओसाड भूशिरावर वसवावे व तेथून त्यांनी दिवसा गावे, देवळे पाहून रात्री परत यावे. जकार्ताच्या सरकारने आराखडा मंजूर केला. बालीच्या लोकांस कोणी फारसे विचारले नाही.

येथून पिकार यांच्या ग्रंथाचा सर्वांत मोलाचा भाग सुरू होतो. आराखडा वरून लादला गेला तेव्हा बालीतील विद्वान, पुरोहित व अधिकारी १९७१ साली दोन परिषदांत एकत्र जमले. पर्यटन नको असे त्यांनी म्हटले नाही. आम्हांस हवे ते सांस्कृतिक पर्यटन, असे त्यांनी म्हटले. त्यांतील एक परिषद नृत्याची होती. देवळातील नृत्ये हॉटेलांत होऊ लागली होती व त्यांस मर्यादा घालणे जरूर होते, म्हणून पवित्र नृत्य कोणते व लौकिक कोणते हे ठरविण्यास ही मंडळी बसली. आणि तेथे एक विलक्षण अडचण उभी राहिली. हा भेद सांगणारे शब्दच त्यांच्या भाषेत सापडेनात! अखेर ‘साक्राल’ व ‘प्रोफान’ हे युरोपी शब्द उसने घ्यावे लागले. ज्या लोकांनी धर्मास आगम म्हणावे आणि संस्कृतीस बुद्धीवरून बनलेला ‘बुदाया’ हा शब्द योजावा, ज्यांच्या प्रत्येक विधीत संस्कृत मंत्रांचे अवशेष आहेत, त्यांस आपले देवकार्य ओळखण्यासाठी लॅटिनच्या दारी जावे लागले. पुष्कळ वादानंतर नृत्यांचे तीन वर्ग ठरले: वाली, म्हणजे देवार्पण, बेबाली, म्हणजे विधीच्या सोबतीची, आणि बालिह-बालिहान, म्हणजे पाहण्याची. पहिली विकू नयेत, तिसरी खुशाल दाखवावी, मधल्यांविषयी सबुरी.

या वर्गीकरणाचे पुढे काय झाले, त्याची एक हकीगत अशी. पेंडेत हे देवतेच्या स्वागताचे नृत्य. हातात फुलांची परडी घेतलेल्या स्त्रिया देवतेपुढे ते करतात. ते हॉटेलांत पाहुण्यांच्या स्वागतास होऊ लागले तेव्हा धर्मनिष्ठ लोक अस्वस्थ झाले. देवाच्या अंगावर उधळावयाची फुले प्रवाशांच्या अंगावर पडत होती. म्हणून १९७० च्या सुमारास सरकारी संगीतशाळेत एक नवे नृत्य रचण्यात आले, पान्येम्ब्रामा. दिसण्यात पेंडेतसारखे, परंतु केवळ पाहुण्यांसाठी. प्रश्न सुटला असे वाटले. पण संगीतशाळेत शिकलेल्या मुली गावोगाव परतल्या आणि आपल्या देवळाच्या उत्सवात त्यांनी त्यांस येत होते तेच नृत्य केले. पाहुण्यांसाठी बनविलेले पान्येम्ब्रामा देवळात शिरून देवापुढे होऊ लागले! पुढे २००९ साली मलेशियाविषयीच्या एका दूरचित्रवाणी जाहिरातीत पेंडेत दिसले तेव्हा साऱ्या इंडोनेशियात संतापाची लाट उसळली. ती ‘आमचे नृत्य चोरले’ म्हणून होती, ‘देवाचे नृत्य विकले’ म्हणून नव्हती. पिकार यांच्या सिद्धांतास याहून चांगला साक्षीदार मिळणे कठीण. त्यांच्या मते सीमा पुसली गेली आहे, आणि ती पुसली गेल्याचे आपणांस कळू नये म्हणूनच ती पुनःपुन्हा आखली जात आहे.

येथवर आम्ही ग्रंथकारांबरोबर आहोत. यापुढे आमची वाट थोडी वेगळी आहे.

शब्द नव्हता म्हणून भेदही नव्हता, असे अनुमान काढण्याकडे पिकार यांचा कल आहे. न्यायालयात ज्याने रूढीचा पुरावा कधी उभा केला आहे असा कोणीही वकील या अनुमानास हरकत घेईल. आमच्याकडच्या किती वहिवाटींना नाव असते? विहिरीवर कोणी कोणत्या बाजूने पाणी भरावे, पालखीस पहिला खांदा कोणाचा, गर्भागाराच्या उंबऱ्यापर्यंत कोणी यावे, यांतील पुष्कळांस संज्ञा नाही. पण ती मोडून पाहावी म्हणजे ती होती हे तत्काळ कळते. बालीच्या देवळास सामान्यतः तीन प्राकार असतात. आतला जेरोआन, मधला जाबा तेंगाह, बाहेरचा जाबा. देवार्पण नृत्य आत होते, विधीच्या सोबतीचे मध्ये, आणि करमणुकीचे बाहेर, जेथे खाण्याची दुकाने असतात व कोंबड्यांच्या झुंजी लागतात. परिषदेचे तीन वर्ग या तीन प्राकारांवरच बेतलेले होते. म्हणजे भेद होता. तो शब्दांत नव्हता, जागेत होता. तो उंबऱ्यात, वेळेत आणि हेतूत होता. पिकार प्राकारांची ही गोष्ट नोंदवितात, पण तिचे पुरते वजन ओळखत नाहीत, असे आम्हांस वाटते.

परिषदेची खरी चूक आमच्या मते वेगळीच होती. जागेचे पावित्र्य काढून तिने ते नृत्याच्या नावास चिकटविले. हे नृत्य पवित्र, ते लौकिक, अशी यादी केली. कोणत्याही कायदेमंडळास यादीचा मोह अनावर असतो. तीस सही करता येते, शिक्का मारता येतो, तपासनीस नेमता येतो. १९७३ साली पवित्र नृत्ये प्रवाशांपुढे करण्यास सरकारी बंदी झाली. २०१५ साली बालीच्या नऊ नृत्यांस युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले, ते याच तीन वर्गांत विभागून. २०१९ साली राज्यपालांनी पुन्हा पवित्र नृत्यांची यादी करून देवळाबाहेर त्यांस मनाई केली. एकाच गोष्टीस सेहेचाळीस वर्षांत दोनदा मनाई करावी लागते, यावरून पहिल्या मनाईचे काय झाले ते उघड आहे. पेंडेत आतल्या प्राकारात देवाचेच असते व हॉटेलच्या हिरवळीवर ते देवाचे नसते, एवढे म्हटले असते तर पान्येम्ब्रामा रचण्याचे कारण नव्हते, आणि ते देवळात गेले म्हणून दचकण्याचेही नव्हते. गावच्या मुलींनी उंबरा ओलांडताच ते देवाचे केले, इतकाच त्याचा अर्थ.

आमच्या गोमंतकात ही गोष्ट उलट्या दिशेने घडली. देवळांच्या मंडपांतून कलावंतांचे गाणे निघाले आणि मुंबईच्या मैफिलींत जाऊन त्याने कीर्ती मिळविली. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांची नावे कोणास ठाऊक नाहीत? ते गाणे गेले हे योग्यच झाले. त्या सेवेच्या नावाखाली स्त्रियांच्या वाट्यास जे आले होते ते आठवून आजही मान खाली जाते. परंतु मंडप जो सुना झाला तो झाला. पावित्र्याची चर्चा करणाऱ्या आपणां पुरुषांस ही गोष्ट सोयीस्करपणे विसरता येते, की देवापुढे जो गातो, नाचतो वा वाजवितो त्यास पोट असते. बालीत निदान हे विसरलेले नाही. तेथे नर्तक-वादकांचे गावोगाव संघ असतात, ज्यांस सेका म्हणतात. पाहुण्यांपुढे केलेल्या खेळाचा पैसा बऱ्याच ठिकाणी संघाच्या पेटीत जातो. त्यातून गामेलानची वाद्ये दुरुस्त होतात, पोषाख होतात, देवळासही भाग मिळतो. आमच्या खजिनदारांस हा परिच्छेद आवडेल.

ग्रंथावरील आमचा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पिकार यांनी बोलणाऱ्यांचे फार ऐकले आहे. परिषदांची इतिवृत्ते, विद्यापीठातील व्याख्याने, वृत्तपत्रांतील लेख, राज्यपालांची भाषणे, या साऱ्यांचे त्यांचे विवेचन चोख आहे. जमीन आणि पाणी मात्र बोलत नाहीत, म्हणून ती ग्रंथात मागे पडली. १९७४ व १९९१ साली सांस्कृतिक पर्यटनाचे प्रांतिक कायदे झाले, आणि दरम्यान १९८८ साली पर्यटनक्षेत्रे म्हणून पंधरा भाग मुक्रर झाले. १९९३ पर्यंत ते एकवीस झाले. नुसा दुआच्या कुंपणात पाहुण्यांस ठेवण्याची मूळ कल्पना तेथेच विरून गेली. संस्कृती जपण्याच्या भाषणांची आणि भातखाचरे विकण्याची भरती एकदमच आली.

त्यातून तानाह लोतचे प्रकरण उद्भवले. समुद्रातील खडकावर उभ्या असलेल्या त्या देवळासमोर १९९३ साली जकार्ताच्या भांडवलदारांनी गोल्फच्या मैदानासह एक विश्रामनगर बांधावयास घेतले. नाव काय, तर ‘बाली निर्वाण’! बेटावर असा क्षोभ झाला की सुहार्तोंच्या धाकातही लोक रस्त्यावर आले. जानेवारी १९९४ मध्ये हिंदूंच्या परिसद या धर्मसभेने व्यवस्था दिली. ती आम्ही मोठ्या आवडीने वाचली, कारण धर्मनिर्णय व कायद्याचा मसुदा यांचा असा मिलाफ क्वचित पाहावयास मिळतो. देवळाभोवतीचे पावित्र्य तिने अंतरात मोजले, आणि मोजपट्टी लोकांच्या बोलीतून घेतली. सर्वांत थोर देवळांभोवती ‘मोठी नजर पोचेल तेथवर’, म्हणजे निदान पाच किलोमीटर. त्याखालच्या देवळांभोवती ‘लहान नजर पोचेल तेथवर’, म्हणजे दोन किलोमीटर. आणि गावच्या देवळांभोवती ‘दगड फेकला तर पडेल तेथवर’ किंवा कुंपणाच्या भिंतीपर्यंत. येथे कोणाचेही युरोपी शब्द उसने आणावे लागले नाहीत! विश्रामनगर काहीसे मागे सरकून अखेर उभे राहिलेच, हे खरे. पण २००९ सालच्या प्रांतिक भूमिनियोजन कायद्यात ही अंतरे लिहिली गेली. मग विरोध कोणाकडून आला? बालीतल्याच जिल्ह्यांच्या प्रशासकांकडून. कारण पाच किलोमीटरांच्या वर्तुळात ज्यांची जमीन सापडते तेही हिंदूच असतात आणि त्यांसही ती विकावयाची असते. नृत्यांच्या यादीवर कोणी असा विरोध केला नव्हता. संस्कृतीचे रक्षण जोवर नाचणाऱ्यांवर पडते तोवर सर्वांस मान्य असते, जमीनमालकावर पडू लागले की ते अव्यवहार्य ठरते.

जाता जाता एक पुतळा पाहून घेऊ. दक्षिण बालीच्या चुनखडीच्या टेकडीवर गरुडारूढ विष्णूची पायथ्यासह १२१ मीटर उंचीची मूर्ती २०१८ साली पुरी झाली. कल्पना १९९० च्या दशकातली. तेव्हाही ती बालीच्या अनेकांस रुचली नव्हती. जेथे पंधरा मीटरांवर इमारत नको तेथे ही मूर्ती! तिची पूजा होत नाही, तिकीट होते. आपल्या देशातही अलीकडे उंच मूर्तींची हौस वाढली आहे, म्हणून अधिक बोलत नाही.

तिसरी उणीव ग्रंथकारांची नव्हे, काळाची आहे. ग्रंथ १९९६ साली संपतो, आणि त्यानंतरच्या तीन घटनांनी त्याच्या सिद्धांताची परीक्षा घेतली. १२ ऑक्टोबर २००२ रोजी कुता येथे झालेल्या बाँबस्फोटात २०२ माणसे ठार झाली. पुढच्याच महिन्यात त्या जागी मोठा शांतिविधी झाला, ज्यात देशोदेशीचे लोक होते. पाहुणे परतावेत म्हणून तो होता, की रुष्ट शक्तींचे शमन व्हावे म्हणून? दोन्ही, असेच म्हणावे लागेल. आणि येथे पिकार यांचे ‘वेगळे करता येत नाही’ हे म्हणणे अक्षरशः खरे ठरते. दुसरी घटना महामारी. २०१९ साली ६२ लाखांहून अधिक परदेशी पाहुणे बालीत उतरले, म्हणजे बेटाच्या लोकसंख्येहून अधिक. २०२१ साली थेट बालीत उतरलेल्यांची सरकारी संख्या होती ५१. लाख नव्हे, हजार नव्हे, एक्कावन्न. २०२० साली प्रांताचे उत्पन्न नऊ टक्क्यांहून अधिक घटले. लेंबोंगान बेटावरील ज्या कुटुंबांनी समुद्रशेवाळाची शेती सोडून पाहुण्यांच्या नौका चालविण्यास घेतल्या होत्या, ती पुन्हा गुडघाभर पाण्यात उभी राहिली. आणि देवळांचे उत्सव? दर २१० दिवसांनी येणारा देवळाचा वर्धापनदिन, ओदालान, पाहुण्यांविना झाला. माणसे थोडी होती, तोंडे झाकलेली होती, तरी तो झाला. संस्कृती व पर्यटन यांचे इतके अद्वैत झाले असते, तर एक्कावन्न पाहुण्यांच्या वर्षी देव उपाशी राहावयास हवे होते. ते राहिले नाहीत. या एका वर्षाचा विचार करून पिकार यांनी आपला अखेरचा अध्याय पुन्हा लिहावा असे त्यांस सुचवावेसे वाटते.

तिसरी घटना अजून चालू आहे, आणि तीत आपण स्वतः आहोत. २०२४ साली परदेशी पाहुण्यांची संख्या पुन्हा ६३ लाखांवर गेली, आणि त्यांत ऑस्ट्रेलियाच्या खालोखाल भारतीय होते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीपासून प्रत्येक परदेशी पाहुण्यास दीड लाख रुपियाचा कर द्यावा लागतो. न्येपीच्या मौनदिनी विमानतळ पूर्ण चोवीस तास बंद असतो, आणि तेव्हा हॉटेलातील पाहुण्यासही दारे लावून, दिवे मंद करून बसावे लागते. आमचे एक स्नेही, आमच्याच देवस्थानाचे महाजन, तेथे जाऊन आले. एका देवळाच्या आतल्या प्राकाराशी त्यांस पहारेकऱ्याने अडविले. ‘मी हिंदू आहे,’ असे ते ताठ मानेने म्हणाले. पहारेकऱ्याने नम्रपणे विचारले, ‘आपण पूजेस आला आहात की फोटोस?’ पूजेस असाल तर कमरेस वस्त्र व पट्टा बांधून, फुले घेऊन या. पुरोहित आत आहेत. स्नेह्यांच्या गळ्यात कॅमेरा होता. ते बाहेरच्या प्राकारात नारळपाणी पीत बसले, आणि परत आल्यावर आम्हांस ही गोष्ट त्यांनी तक्रार म्हणून सांगितली. आम्हांस तीत पिकार यांच्या साऱ्या ग्रंथाचे उत्तर दिसले. त्या पहारेकऱ्याने साक्राल वा प्रोफान असा शब्द वापरला नाही. तो उंबऱ्यावर उभा होता आणि हेतू विचारत होता.

ग्रंथ वाचनीय आहे, इंग्रजी भाषांतर स्वच्छ आहे, आणि देवस्थानांच्या ग्रंथालयांनी तो अवश्य मागवावा, असे म्हणून आम्ही मूळ कागदाकडे वळतो. आमचे मत समितीकडे गेले आहे. पालखीची वेळ घटनेत घड्याळाने सांगितलेली नाही, आरतीनंतर असे आहे. आणि आरतीची वेळ बदलण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेसही नाही. पाहुण्यांनी साडेआठास यावे, पादत्राणे बाहेर ठेवावी, दीपस्तंभापाशी उभे राहून पाहावे. त्यास कोणाची ना नाही, आणि त्याची फीही नाही. एवढ्यावर समितीत एकमत झाले. मताच्या शेवटी आम्ही आणखी चार ओळी लिहिल्या आहेत: चौघडा व ताशावाल्यांस त्यांची कला पाहुण्यांपुढे वाजवावयाची असल्यास देवळाच्या बाहेरच्या पटांगणात, पालखीखेरीज अन्य वारी, त्यांनी ती वाजवावी, आणि त्याचे मानधन थेट त्यांच्या हाती पडावे, देवस्थानाने केवळ जागेचे भाडे घ्यावे, ते छपराच्या खात्यात जमा करावे. या चार ओळींवरून समितीत दोन तट पडले आहेत. एका सभासदाने तर आम्ही हॉटेलचे वकीलपत्र घेतले आहे काय, असे विचारले. बैठक नवरात्रानंतर आहे.